ऑब्जेक्ट कीं मॅप?

वाण्याच्या खातेवहींत गिऱ्हाइकाचें नांव सांपडलें, कीं त्याची बाकी सांपडते. नांवावरून मजकूर शोधण्याची हीच रीत संगणकाच्या प्रोग्राममध्येंही पदोपदीं लागते. नांवाला तेथें 'की' आणि त्याखालील मजकुराला 'व्हॅल्यू' म्हणतात. वेबपृष्ठें ज्या जावास्क्रिप्ट भाषेवर चालतात, तिच्यांत अशा वह्या मुख्यतः दोन: ऑब्जेक्ट आणि मॅप. कोणती केव्हां घ्यावी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं.

१९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं नेटस्केप कंपनींत या भाषेचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. ऑब्जेक्ट तिच्यांत प्रथमपासून आहे. मॅप मात्र २०१५ सालच्या प्रमाण-आवृत्तीनें आला. मधलीं वीस वर्षें एकाच वहीवर दोन्हीं प्रकारचीं कामें चालत होतीं.

ऑब्जेक्टची वही सहसा कोरी मिळत नाहीं. तिला कांहीं वडिलोपार्जित पानें जोडलेलीं असतात. समजा, एखाद्या लेखांत कोणता इंग्रजी शब्द किती वेळां आला, हें मोजावयाचें आहे. शब्दाचें पान उघडावें. आंकडा असल्यास एक मिळवावा, नसल्यास एकापासून आरंभ करावा. हजारों शब्द बिनतक्रार मोजले जातात. मग 'कन्स्ट्रक्टर' हा शब्द येतो. त्याचें पान कोणीं लिहिलेलें नसतें, तरी वारशानें तें असतेंच, आणि त्यावर आंकड्याऐवजीं एक फंक्शन असतें. त्यांत एक मिळवितांच अक्षरांची निरर्थक माळ हातीं येते. संगणक मात्र तक्रारीचा चकार शब्द काढीत नाहीं.

वारशाच्या या वाटेनें लबाडीही शिरूं शकते. बाहेरून आलेलें एखादें नांव वडिलोपार्जित पानावरच लिहून जातें, आणि तो मजकूर इतर वह्यांतही दिसूं लागतो. असेंच एक छिद्र बुजविण्यासाठीं २०१९ सालीं जेक्वेरीला ३.४.० ही आवृत्ति काढावी लागली.

मॅप कोरा असतो. त्यांत कोणतीही वस्तु 'की' होऊं शकते, नोंदींची संख्या तत्काळ कळते आणि लिहिल्याचा क्रम टिकतो. ऑब्जेक्टमध्यें आधीं १० व मग २ लिहिले, तरी वाचतांना २ च प्रथम येतो.

तरीही ऑब्जेक्ट टाकाऊ नव्हे. पुस्तकाचें नांव, लेखक, किंमत अशीं घरें ठरलेलीं असतील, तर तोच सुटसुटीत. शिवाय जेसनच्या रूपांत तो थेट पाठवितां येतो; मॅप तसाच पाठविल्यास पलीकडे केवळ रिकामा कंस पोंचतो, म्हणून त्याच्या नोंदी आधीं उतरवून घ्याव्या लागतात.

घरांत कोणी ही विद्या शिकत असेल, तर त्यानें वही उघडण्यापूर्वीं एकच प्रश्न स्वतःस विचारावा: यांतील नांवें कोण ठरविणार? स्वतः ठरविलीं असतील, तर ऑब्जेक्ट पुरेसा आहे. परक्यांकडून येणार असतील, तर मॅपच घ्यावा. कारण परका मनुष्य कोणतें नांव घेऊन येईल, याचा नेम नसतो.