सांध्याचा ताळेबंद
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शस्त्रक्रियेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. हिशेबाविषयी आहे, तोच मांडतो.

खुब्याचा सांधा बदलल्यावर मोठी धास्ती असते ती तो निखळण्याची. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे हे आपल्याकडे नित्याचे. नेमके तेच रुग्णास वर्ज्य सांगावे लागते. यावर उपाय म्हणून फ्रान्समधील सेंत-एतियेन येथील डॉ. जिल बूस्के यांनी 1970 च्या दशकात ‘ड्युअल मोबिलिटी’ सांधा योजिला. त्यात लहान गोळा प्लास्टिकच्या वाटीत फिरतो आणि ती वाटी धातूच्या मोठ्या वाटीत फिरते. निखळणे कमी झाले; परंतु काही वर्षांनी जुन्या घडणीच्या काही सांध्यांत प्लास्टिकची कड झिजून गोळा आतूनच सुटू लागला. रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा ठेवला होता, म्हणून हा दोष ध्यानी आला आणि घडण सुधारता आली.

मागोवा न ठेवल्यास काय होते, हे आपल्या देशाने अनुभवले आहे. मोठा गोळा सहजी निखळत नाही, म्हणून धातूवर धातू फिरणारे मोठ्या गोळ्याचे सांधे प्रचारात आले. त्यांपैकी ‘एएसआर’ हा सांधा, फेरशस्त्रक्रियांचे प्रमाण वाढल्याने, ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत घेण्यात आला. भारतात अशा सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र शासनाच्या समितीचा अहवाल 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे 3,600 रुग्णांचा ठावठिकाणा लागत नव्हता. भरपाईची शिफारस झाली. घेणारे मात्र सापडेनात.

आपल्याकडेही एक आजीबाई दुखऱ्या खुब्यासह आल्या. शस्त्रक्रिया अन्यत्र झालेली. सांधा कोणत्या बनावटीचा, याचा एकही कागद घरी नव्हता. डॉक्टरांना एक्स-रेवरूनच अंदाज बांधावा लागला.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे. प्रत्येक सांध्याची बनावट व क्रमांक यांची कायमस्वरूपी नोंदवही ठेवावी, रुग्णास ठराविक काळाने तपासणीस बोलवावे आणि गरजूंचा एस.टी. प्रवासखर्च संस्थेने द्यावा. देणगीदारांनी यंत्रसामग्रीइतकाच या कामालाही हातभार लावावा, ही विनंती.

आप्तेष्टांनी सांध्याचे कार्ड रेशनकार्डाबरोबर जपावे, फोन क्रमांक बदलल्यास कळवावे आणि दुखत नसले तरी रुग्णास तपासणीस आणावे. बिल चुकते झाले की माझ्या वहीतील खाते बंद होते. रुग्णाचे खाते तो चालतो आहे तोवर उघडेच राहिले पाहिजे.