घरच्या लेकीचे घरभाडे
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



प्राप्तिकरावर बोलावे अशी चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा हा विषय हिशेबतपासनिसांचा, शाळामास्तराचा नव्हे, असे आम्ही त्यांस कळविले होते. परंतु आपल्या ज्ञातीतील काही घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो व तो निम्मा कराचा, निम्मा घराचा आहे. सबब उभे राहण्याचे धाडस केले. अपंग, अथवा आजच्या सरकारी भाषेत दिव्यांग, अपत्य वयात येऊन मिळवते झाले, आईबापांच्याच घरी राहते आणि घरात पैसे देते. त्या पैशांस भाडे म्हणावे काय?

समजा, एक जन्मांध कन्या बँकेत नोकरीस आहे. मूळ वेतन दरमहा ४०,००० रुपये व घरभाडे भत्ता ५,००० रुपये. घर वडिलांच्या स्वकष्टार्जित मालकीचे. एका खोलीचे भाडे म्हणून ती त्यांस ८,००० रुपये देते. बापलेकीत असे भाडे असू नये असे कायदा म्हणत नाही. मात्र पैसा खरोखर दिला गेला पाहिजे. नुसत्या पावत्या फाडणे ही लबाडी होय, आणि ती करणारे सुशिक्षितच अधिक, हे खेदाने नमूद करावे लागते.

आता हिशेब पाहू. करआकारणीच्या जुन्या पद्धतीत भाड्यातून वेतनाचा दशांश वजा करून उरेल तेवढीच, म्हणजे येथे महिना ४,००० व वर्षास ४८,००० रुपयांची सूट कन्येस मिळते. परंतु तेच भाडे वडिलांचे उत्पन्न ठरते. वर्षाचे ९६,०००, त्यांतून त्या खोलीच्या वाट्याची घरपट्टी समजा ६,००० गेली, उरलेल्या ९०,००० वर ठरावीक ३० टक्के वजावट मिळून ६३,००० रुपये त्यांच्या खाती चढतात. लेकीचे ४८,००० सुटले, बापाचे ६३,००० वाढले! वडिलांचे निवृत्तिवेतन करपात्र मर्यादेच्या पुष्कळ खाली असेल तरच या व्यवहारात काही हाती लागेल.

शिवाय २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या पगारी करपात्र उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. आमच्या उदाहरणातील कन्येस कर नाहीच. मग सूट कशातून घ्यावयाची?

दुसरी गोष्ट वजावटीची. १९६१ च्या कायद्यात कलम ८० डीडी हे अपंग व्यक्तीस पोसणाऱ्या आप्तासाठी आणि ८० यू हे स्वतः अपंग करदात्यासाठी होते. २०२५ च्या नव्या कायद्यात, ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून, क्रमांक निराळे आहेत, योजना तीच. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास ७५,००० रुपये, ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये. दोन्ही केवळ जुन्या पद्धतीत. मुलगी स्वतःच्या नावे वजावट घेईल तर वडिलांस घेता येत नाही, आणि ती मुख्यतः वडिलांवर अवलंबून नसेल तर तिने न घेतली तरी त्यांस घेता येत नाही. एकीकडे तिला पोसतो म्हणून वजावट मागावी आणि दुसरीकडे तिच्याकडून भाडे घ्यावे, हे आम्हांस तरी विसंगत दिसते. वर्षानुवर्षे ज्या वजावटीची सवय झाली, ती लेक मिळवती होताच सोडून देणे काही वडिलांस जड जाते. वस्तुतः त्या दिवशी घरी पेढे वाटावयास हवेत.

आता घराचा भाग. आपल्या माताभगिनी म्हणतील, लेकीच्या पैशाला हात लावू नये. या समजुतीमागील माया आम्ही जाणतो. परंतु जिचा भाऊ पगारातून घरखर्चास पैसे देतो, तिचे पैसे मात्र परत करणे म्हणजे तिला कायमची अजाण ठरविणे होय. तिने वाटा द्यावा व तो घ्यावा. मुलीने वडिलांस दिलेला असा वाटा वडिलांचे करपात्र उत्पन्न होत नाही, कारण जवळच्या नातलगाकडून आलेल्या पैशावर कर नाही. तेव्हा किराणा, वीज, दूध यांतला वाटा हा वाटाच म्हणावा. त्यास भाड्याचे नाव देण्याची मुळीच गरज नाही.

भाड्याच्या नावाविषयी आमची खरी धास्ती निराळी आहे. घर वडिलोपार्जित असेल तर मुलगी त्यात मुलाप्रमाणेच हिस्सेदार असू शकते. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींस, आणि २००५ च्या दुरुस्तीने देशभरातील हिंदू कन्यांस हा हक्क मिळाला. स्वतःच्या मालकीच्या घराचे भाडे दाखवून सूट घेता येत नाही, हे एक. त्याहून गंभीर असे की, दहा वर्षांच्या पावत्यांवर 'भाडेकरू' म्हणून जिचे नाव चढले, तिला वडिलांच्या पश्चात भाऊ व भावजय काय म्हणून वागवतील? हक्क कायद्याने बुडत नाही, हे खरे. पण डोळ्यांनी न दिसणाऱ्या एकट्या स्त्रीने तो कोर्टात जाऊन सिद्ध करावा, असा प्रसंग तरी आपण का निर्माण करावा?

तेव्हा भाडेपावतीचे पुस्तक आणण्यापूर्वी स्वकष्टार्जित घराचे मृत्युपत्र करावे व तिचा हिस्सा अथवा तहहयात राहण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहावा. त्यास मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. सही दोन साक्षीदारांसमक्ष व्हावी, आणि ज्यास त्या घरात काही मिळावयाचे आहे अशा कोणासही साक्षीस घेऊ नये. मजकूर सहीपूर्वी मुलीस मोठ्याने वाचून दाखवावा.