वारा कुणाकडे वाहतो?

आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या लेकी डीएमएलटी करून लॅबमध्ये नोकरीला लागल्या आहेत. त्यांच्या कामाच्या एका कपाटाबद्दल आज बोलायचं आहे. त्याला म्हणतात बायोसेफ्टी कॅबिनेट.

टीबीच्या पेशंटची थुंकी तपासताना साधी काच तयार करायची असेल, तर खेळत्या हवेतलं टेबल चालतं. पण जंतू वाढवून बघायचे असतील तर थुंकी ढवळावी लागते, यंत्रात गरगर फिरवावी लागते. त्यातून डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. टीबी श्वासातून होतो, म्हणून इथे हातापेक्षा नाकाला धोका जास्त.

धान्य उफणताना आपण आधी वारा बघतो. भुसा तोंडावर यायला लागला की बाजूला सरकतो. या कपाटाचं शहाणपणही तेवढंच.

पहिल्या प्रकारात, म्हणजे क्लास वनमध्ये, पंखा खोलीतली हवा समोरून आत ओढतो आणि हेपा नावाच्या बारीक गाळणीतून बाहेर सोडतो. अगदी सूक्ष्म अशा १०,००० कणांतले फार तर ३ त्यातून निसटतात. बाई सुरक्षित राहते, पण खोलीतली धूळ नमुन्यावर बसू शकते.

क्लास टूमध्ये तीही सोय केलेली असते. वरून गाळलेली स्वच्छ हवा नमुन्यावर उतरते आणि समोरून येणारी हवा पुढच्या काठाच्या जाळीत खेचली जाते. बाई आणि नमुना यांच्यामध्ये जणू हवेचा पडदाच. पण हा पडदा फार नाजूक असतो बरं का. जाळीवर रजिस्टर ठेवलं, हात झटक्याने आतबाहेर केले, मागून कुणी भरभर गेलं, की तो फाटतो. आत बर्नर पेटवला तरी हवा विस्कटते.

क्लास थ्री पूर्ण बंद असतो. त्याला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून काम करायचं. इबोलासारख्या जीवघेण्या विषाणूंसाठी तो लागतो.

आता खरी फसगत कुठे होते ते सांगते. अगदी असंच दिसणारं आणखी एक यंत्र असतं, लॅमिनार फ्लो. केळीची टिश्यू कल्चर रोपं किंवा अळिंबीचं बियाणं करताना ते वापरतात. त्यातली हवा बहुतेक वेळा काम करणारीच्या तोंडाकडे येते. रोपाला ते ठीक आहे. पण त्यात टीबीची थुंकी उघडायची म्हणजे जंतू आपल्याच तोंडावर उफणायचे!

म्हणून लेक सुट्टीला आली की विचारा, तुझ्या कपाटाचा क्लास कोणता? त्याची तपासणी कधी झाली? ती वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी, आणि कपाट जागेवरून हलवलं तर लगेच पुन्हा. रोज काम सुरू करण्याआधी तिने पातळ टिश्यू कागदाची पट्टी कपाटाच्या तोंडाशी धरून बघावी. पट्टी आत ओढली गेली पाहिजे. ती बाहेर फडफडली, तर नमुन्याची डबी उघडायची नाही आणि साहेबांना तिथल्या तिथे सांगायचं.