समुद्राच्या पोटातले ऋतू



जाळं टाकण्याआधी कोकणातला मच्छीमार पाण्याची ओढ बघतो. उधाण कधी, भांग कधी, हे त्याला तोंडपाठ असतं. पण भरती-ओहोटीच्या या येरझाऱ्यांखेरीज आपल्या किनाऱ्यालगत एक संथ प्रवाह वाहतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे जातो, हिवाळ्यात उत्तरेकडे. आणि हिवाळ्यात वारा तर उत्तरेकडून येत असतो! मंद का होईना, पण समोरून येणाऱ्या वाऱ्याला न जुमानता पाणी चालत राहतं.

गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडं वर्षानुवर्षं लावून धरलं. उत्तराचा मोठा भाग सापडला थेट बंगालच्या उपसागरात. तिकडच्या वाऱ्यांनी उठवलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लांबच लांब लाटा किनारा उजव्या हाताला ठेवत श्रीलंकेला वळसा घालतात आणि आपल्या बाजूला वर सरकत हा प्रवाह चालवतात.

मला मात्र खरी ओढ आहे ती या प्रवाहाखालच्या पाण्याची. शेदीडशे मीटर खाली गेलं, की पुष्कळदा प्रवाह उलट दिशेचा असतो. हे कळतं कसं? माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणाऱ्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात. तिथे ध्वनीच उपयोगी. गोव्यासमोरच्या समुद्रात तळाशी वजन आणि वर तरंगते गोळे बांधून एक उपकरण पाण्यात उभं ठेवतात. ते ध्वनीचे ठोके सोडतं. पाण्यासोबत वाहणाऱ्या बारीक कणांवर आपटून ते परततात, तेव्हा त्यांचा सूर किंचित बदललेला असतो. त्या बदलावरून प्रवाहाचा वेग आणि दिशा मिळते. पुढे कधीतरी बोट जाऊन ते उपकरण वर काढते आणि साठलेल्या नोंदी हाती येतात.

त्या नोंदींनी दाखवलं, की वर्षाच्या फेऱ्यात प्रवाहाची दिशा आधी खोलात पालटते, वरच्या पाण्यात नंतर. वर अजून जुना ऋतू असतो, खाली नवा लागलेला असतो.

या खालच्या पाण्याचा आपल्या ताटाशी संबंध आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरांच्या पट्ट्यात प्राणवायू फार कमी असतो. पावसाळ्यात खालचं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं, तेव्हा ते पोषक क्षार आणतं आणि प्राणवायूचा तुटवडाही. पावसाळ्याच्या अखेरीस तळाजवळच्या पाण्यात श्वास घेणं अवघड झालं, की मासळी तिथून हलते आणि तळाशी टाकलेलं जाळं हलकंच वर येतं.