तेच ते, पण नव्याने
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्यापैकी कोणी शिकवणी घेतं, कोणी मसाले विकतं, कोणी विम्याचं काम करतं. आता प्रत्येकाला मोबाइलवर स्वतःची ओळख करून द्यावी लागते. सकाळपासून तिघा-चौघांनी मला विचारलं, "रोज नवीन काय टाकायचं?" मी म्हणतो, रोज नवीन काही सांगूच नका.

गाडगेबाबांचं उदाहरण घ्या. 1876 साली जन्म, 1956 साली निधन. ते गावात येत, आधी खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. सांगणं मोजकंच: स्वच्छता ठेवा, मुलांना शिकवा, कर्ज काढू नका, दारू सोडा, देवापुढे पशू मारू नका. गाव बदले, श्रोते बदलत, मुद्दे तेच. पण ते नुसता उपदेश करत नसत. समोरच्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. दाखले रोजच्या जगण्यातले असत, म्हणून मुद्दा ऐकणाऱ्याबरोबर घरी जाई.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली की टिकतं. आपल्या गुरुजनांनी पाढे तसेच तर घोटून घेतले!

तेव्हा आपल्या कामाबद्दल तीनच गोष्टी ठरवा आणि त्याच सांगत राहा. मसाले करणाऱ्या मैत्रिणीने "भेसळ नाही" हे एकदा मिरची निवडताना दाखवावं, एकदा हळकुंडं दळताना, एकदा गिऱ्हाइकाच्या शंकेला उत्तर देताना. आपल्याला तेच बोलून कंटाळा येतो. पण ऐकणाऱ्यांत कोणीतरी ते पहिल्यांदाच ऐकत असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. वारंवार ऐकलेलं विधान लोकांना अधिक खरं वाटू लागतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 1977 साली दाखवलं. म्हणजे खोटंही असंच रुजतं. मसाल्यात भेसळ असेल, तर तेच वाक्य आपल्याच लोकांची फसवणूक ठरेल. गाडगेबाबांच्या शब्दाला वजन होतं, कारण सकाळी त्यांच्या हातात खराटा लोकांनी पाहिलेला असे. आपणही जे रोज करतो, तेवढंच रोज सांगावं.