नव्या रक्ताला वाढायला वेळ द्या
(दरेकसा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



कॅन्सर हा शब्द निघाला की आपल्याकडे आवाज खाली जातो. त्यातही तो लहान मुलाचा असेल तर घरातील माणसे शेजाऱ्यांपासूनही लपवतात. म्हणून आधी धीराची गोष्ट सांगतो. मुलांमध्ये जो ब्लड कॅन्सर सर्वांत अधिक आढळतो, तो वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतल्यास बहुतेक मुलांत केवळ औषधांनी बरा होऊ शकतो. आजार उलटला, औषधांना दाद देईना किंवा मुळातच चिवट प्रकारचा निघाला, तरच डॉक्टर मूळपेशींच्या रोपणाचा विचार करतात. अशी मुले थोडी असतात. परंतु त्यांच्याविषयी बोलणे जरूर आहे, कारण ह्या उपचाराचा अर्धा भाग मोठ्या शहरातील रुग्णालयात होतो आणि उरलेला अर्धा आपल्या घरात, मोहल्ल्यात व शाळेत.

रोपण म्हणजे चिरफाड असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सालनातील नळीचे हाड झटकून आपण मगज काढतो ना, तसाच मऊ मगज आपल्या हाडांत असतो आणि रक्त तेथे तयार होते. जबर औषधांनी, कधी किरणांनी, मुलाचा रोगट मगज नाहीसा करतात आणि मग दात्याच्या मूळपेशी रक्ताच्या बाटलीसारख्या शिरेतून देतात. त्या आपण होऊन हाडांची वाट शोधतात. अल्लाहची ही कुदरत पाहून शिकलेला माणूसही थक्क होतो. दाता बहुधा सख्खा भाऊ किंवा बहीण असते, पण प्रत्येक भावंड जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच. आता आई-बापाच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशीही वापरता येतात. देणाऱ्याचा मगज काही आठवड्यांत भरून निघतो. देणारी मुलगी असली तरी तिच्या वाढीला किंवा पुढील संसाराला त्याने बाधा येत नाही, हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतो.

आपल्या देशात हे काम प्रथम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. ज्या डॉ. डोनल थॉमस यांच्या अमेरिकेतील सिॲटलच्या केंद्रात अडवाणी हे तंत्र शिकले, त्यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. अडवाणींना स्वतःला लहानपणी पोलिओ झाला होता आणि त्यांनी आपली सारी डॉक्टरकी चाकांच्या खुर्चीतून केली. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. रोपणानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत पांढऱ्या पेशींची संख्या वर येऊ लागते. डॉक्टर म्हणतात, पेशी रुजल्या. घरी फोन जातो, शुक्राने की नमाज होते, आणि सर्वांना वाटते की मूल बरे झाले. पण आपण धानाच्या मुलखातील माणसे आहोत. पऱ्हे बांधीत उभे राहिले म्हणून धान घरात आले असे कोणी म्हणत नाही. आधी येतात त्या पेशी म्हणजे नुसते पहारेकरी होत. जंतू ओळखून त्यांना लक्षात ठेवणाऱ्या पेशींना नव्याने शिकावे लागते. त्यांची शाळा छातीच्या हाडामागील थायमस ह्या ग्रंथीत भरते. लहान मुलांत ती मोठी असते, म्हणून मुले प्रौढांपेक्षा लवकर सावरतात. तरीही तेथून नव्या पेशी पुरेशा बाहेर पडायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि प्रतिपिंडे तयार करणारी बाजू पूर्ण सावरायला वर्ष-दोन वर्षे. मध्येच दात्याच्या पेशींनी मुलाच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला केला, तर तो दाबण्याची औषधे प्रतिकारशक्तीलाही दाबतात आणि वाट आणखी लांबते. थोडक्यात, दहा वर्षांचा मुलगा घरी येतो, पण त्याचे रक्त तान्ह्या बाळाएवढे अजाण असते.

आणि नेमके अशा वेळी आपण त्याला भेटायला जातो. आजाऱ्याची अयादत सवाबाचे काम, ह्याबद्दल वाद नाही. परंतु साथीच्या गावात जाऊ नये आणि तेथून निघू नये, ही शिकवणही आपल्याच दीनची आहे. ज्याच्या घरी सर्दी-खोकला आहे त्याने दारातूनच दुआ करावी. उघडा खाऊ, कापून आणलेली फळे नेऊ नयेत. दम केलेले पाणी द्यायचे तर तेही उकळून गार केलेलेच असावे. त्या मुलाला उर्सात, लग्नाच्या मांडवात, कचारगडच्या यात्रेच्या गर्दीत नेऊ नये. तणसाचा ढीग, कोंड्याची धूळ, घराची पाडापाडी ह्यांपासूनही दूर ठेवावे, कारण त्या धुळीत बुरशीचे बीज असते आणि ते फुप्फुसात रुजते. मच्छरदाणी तर हवीच. आपल्या भागात हिवताप आहे. सर्वांत महत्त्वाचे असे की ताप आला तर रात्र जाऊ देऊ नये. मुंबई येथून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर. तेव्हा आधी सालेकसा किंवा गोंदिया गाठावे, उपचाराची फाईल सोबत न्यावी आणि रोपण केलेल्या डॉक्टरांना त्याच वेळी फोन लावावा.

लसींबद्दल फार गैरसमज आहेत. मुलाला लहानपणी सर्व लसी दिल्या होत्या, असे आई सांगते. खरे आहे, पण ज्या पेशींना ते आठवत होते त्याच आता राहिलेल्या नाहीत. जुने कार्ड रद्द समजावे. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओचे इंजेक्शन, ह्या लसी साधारण सहा महिन्यांनंतर पुन्हा सुरू होतात, एखादी त्याआधीही. गोवरासारख्या जिवंत लसी मात्र निदान दोन वर्षे देत नाहीत, आणि तेव्हाही औषधे बंद झाली असतील तरच. बीसीजी तर देऊच नये.

एक नाजूक गोष्ट. घरात धाकटे भावंड असेल तर त्याला पोलिओचे तोंडाने द्यावयाचे थेंब नकोत. त्यातील जिवंत विषाणू शौचावाटे काही आठवडे बाहेर पडतो व आजारी मुलाला बाधू शकतो. त्याऐवजी इंजेक्शन घ्यावे. माझ्या ह्या बोलण्यावरून पोलिओची लस वाईट, असा अर्थ कोणी काढला तर तो माझ्यावर अन्याय होईल. ही अडचण फक्त त्या एका घराची. इतरांनी थेंब पाजलेच पाहिजेत. उलट, सभोवतालची सर्व मुले लस घेतलेली असली तरच त्या एका मुलाभोवती कुंपण तयार होते.

शिक्षकांना एवढेच सांगावयाचे की कॅन्सर संसर्गजन्य नाही. धोका त्या मुलापासून वर्गाला नाही, वर्गापासून त्या मुलाला आहे. डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्याला घरी पुस्तके, गृहपाठ पोचवावा. एक वर्ष गेले म्हणून नाव कमी करू नये. केस गेले आहेत, तोंड औषधाने सुजले आहे, त्यावरून कोणी चिडवणार नाही हे पाहावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तो वर्गात परत आल्यावर तुमच्यापैकी कोणाला अंगावर कांजिण्यांचे फोड दिसले, किंवा घरी कोणाला गोवर निघाला, तर शरमू नका. त्याच दिवशी वर्गशिक्षकांना सांगा. संसर्ग टाळण्याचे औषध पहिल्या तीन-चार दिवसांत दिले तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो, आणि त्यातील एक दिवस प्रवासातच जायचा असतो.