लाळेची परीक्षा आणि कुळाची कथा



आपण पोवार मंडळी धारानगरीहून नगरधनमार्गे वैनगंगेच्या खोऱ्यात आलो, ही परंपरा आजा-पणजांपासून चालत आली आहे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही ती नोंदलेली आहे. अलीकडे आपले काही तरुण नळीत लाळ भरून परीक्षेस पाठवितात आणि आलेल्या टक्केवारीवरून कुळाचा निकाल लावू पाहतात. या घाईविषयीच मला बोलावयाचे आहे.

टक्केवारी म्हणजे वंशावळ नव्हे. परीक्षकांनी जमविलेल्या आजच्या माणसांच्या नमुन्यांशी आपले साम्य किती, एवढेच ती सांगते. नमुने बदलले की आकडेही बदलतात. त्यांत माळव्याचे नमुनेच नसतील, तर धारचे नाव निघणार कोठून? बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तर दहा पिढ्यांमागील १०२४ पूर्वजांपैकी एकाचीच वार्ता देते. त्यांतील ५१२ स्त्रिया होत्या, हे भोजराजाशी नाते जोडणारे उत्साही गृहस्थ सोयीस्करपणे विसरतात!

२०१३ साली मूरजानी, थंगराज, लालजी सिंग प्रभृतींनी दाखविले की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भारतातील बहुतेक समूहांत व्यापक मिश्रण झाले. जातीतल्या जातीत विवाहाची रूढी त्यानंतर दृढ झाली. तेव्हा ‘शुद्ध रक्त’ हा शब्द आपल्या स्मरणिकेतून गेलेला बरा.

सोयरीक जुळविताना असले अहवाल मागण्याची टूम निघाली, तर मी विरोध करीन. मागावयाचाच तर सिकलसेलचा मागावा. हा आजार आपल्या विदर्भात आहे. वधूवर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक असतो, आणि ती तपासणी थोड्याशा रक्तावर होते.